उंबराच्या डावीकडून वाहणारा ओहोळ

कारभारी,

तुम्ही गेल्याला आज सतरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी तुमच्यावर एकदाही रागावलेलो नाही, आणि त्यामुळे माझी प्रकृती ठीक नाही.

सिंधूवहिनी परवा घरी आल्या होत्या. येत्या रविवारी कॉलनीच्या सभागृहात तुमची चित्रे मांडायची आहेत. सोबत एक लहानशी पुस्तिका काढायची आहे. तिच्यात मी चार शब्द लिहावेत आणि प्रत्येक चित्राखालची चिठ्ठीही मीच लिहावी, कारण कोणते चित्र कोणत्या जागेचे हे तुमच्याखालोखाल मलाच ठाऊक, असे त्यांचे म्हणणे. उठता उठता त्यांनी एक अट घातली. "भाऊजी, त्यात ह्यांच्याशी भांडू नका. एवढं एक करा माझ्यासाठी." मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे लेखी संमती नव्हे, हे त्यांना सांगण्याची ती वेळ नव्हती.

मला भांडायचेच आहे, पण या खेपेस तुमच्याशी नाही. तुमच्या शोकसभेत पगारे सर बोलायला उठले. माझ्या गल्लीच्या टोकाला राहणारे हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या मनात तुमच्याविषयी प्रेमाखेरीज काही नाही. ते म्हणाले, "कारभारी म्हणजे देवमाणूस. इतका भोळा, की सुनावणीत खरं बोलून बसला आणि आपला ओहोळ गेला." सभागृह हसले. ओल्या डोळ्यांचे, मायेचे हसू होते ते. वहिनीही हसल्या. मी पहिल्या रांगेत होतो. ओहोळ तुमच्यामुळे गेला नाही, हे त्या सभागृहात फक्त एका माणसाला माहीत होते. आणि जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकीच्या विधानांवर हरकत घेत आला, तो त्या दिवशी मांडीवर हात ठेवून गप्प बसून राहिला. ती नोंद दुरुस्त करण्यासाठी हे लिहीत आहे. लिहिताना तुमची आठवण मध्ये येईल, तिला माझा इलाज नाही.

आपली ओळख झाली तीच मुळी तक्रारीतून. इंदिरानगरात त्या काळी घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. आपल्या मागच्या मोकळ्या जमिनीतून तो ओहोळ वाहायचा, त्याच्या काठाला जुना उंबर होता, आणि उंबरापलीकडे पांडवलेण्यांचा डोंगर. एका रविवारी सकाळी मी फिरायला निघालो, तर एक माणूस बुटक्या स्टुलावर बसून, एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिल उभी धरून बसलेला. मी थेट जाऊन विचारले, "मोजणी कोणाच्या परवानगीने चालू आहे?"

"मोजणी नाय साहेब. सुट्टी हाय आज."

"मग ती पेन्सिल कशाला धरली आहे?"

"झाडापेक्षा डोंगर किती लहान हाय, ते बघतोय."

"डोंगर झाडापेक्षा लहान?"

"इथनं हाय. बसा ना. बसल्याबिगर नाय दिसायचं."

मी शेजारच्या ओल्या दगडावर बसलो. डोंगर खरोखरच उंबराच्या दुसऱ्या फांदीखाली मावत होता. कोर्टात कारकुनीपासून अधीक्षकपदापर्यंत माझी सगळी नोकरी झाली. तिथे रोज दोन बाजू ऐकल्या. पण केवळ जागा बदलून बसल्यामुळे माझे स्वतःचे मत बदलले, असे त्या सकाळपर्यंत कधी घडले नव्हते. उठताना विजारीला मागे चिखल लागला होता. तुम्ही तो पाहिला आणि काही बोलला नाहीत. घरी गेल्यावर कळले. मी वकील नाही हे दहादा सांगूनही त्या दिवसापासून तुम्ही मला "वकीलसाहेब" म्हणत राहिलात. मीही तुम्हाला "अहो कारभारी" म्हणत राहिलो. अरे-तुरेवर आपण कधी आलो नाही. भांडायला "अहो" बरे पडते. दोघांनाही अंतर राखून नेम धरता येतो.

सातपूरच्या एका कारखान्यात तुम्ही यंत्रांचे आराखडे काढत होता. सोमवार ते शनिवार टी-स्क्वेअर, कंपास, आणि केसाइतका फरक पडला तर पूर्ण भाग भंगारात. रविवारी तुम्ही पट्टी घराबाहेर नेत नव्हता. "सहा दिवस मी मापात असतो, वकीलसाहेब. सातव्या दिवशी डोंगराला मापात बसवलं तर तो मला ओळखणार नाय." मला ही सबब वाटायची. आजही थोडी वाटते.

आणि जलरंगांसाठीचा तुमचा तो पाण्याचा नियम. ज्या जागेचे चित्र, त्याच जागेचे पाणी. घरून पाणी न्यायचे नाही. ओहोळाकाठी बसलात तर ओहोळाचे, नदीकाठी बसलात तर नदीचे, आणि एकदा ब्रह्मगिरीच्या वाटेवर काहीच मिळेना तेव्हा तुम्ही दोन तास ढगाकडे बघत बसलात, पण माझ्या बाटलीतले पाणी घेतले नाहीत. मी संतापलो होतो. पाणी म्हणजे पाणी, त्याला गाव नसते, असे मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "तुमच्या अर्जाला जसं अर्जदाराचं नाव लागतं, तसं ह्याला लागतं." ढग बरसला नाही आणि आपण कोरा कागद घेऊन उतरलो. तो कोरा कागदही तुम्ही जपून ठेवला आहे. वहिनींनी मला दाखवला. मागे पेन्सिलीने लिहिले आहे: "ब्रह्मगिरी. पाणी नाय. व.सा. रागावले."

आपला सर्वांत मोठा वाद मात्र तुमच्या गावी, सायखेड्याला झाला. तो अजून मिटलेला नाही आणि आता तो मला एकट्यालाच चालवावा लागणार. तुमच्या थोरल्या भावाच्या शेताखाली गोदावरीला त्या वर्षी फेस आला होता. पांढरा, जाड, काठाला कापसासारखा साचलेला. मी तिथल्या तिथे वही काढून तक्रारीचा मसुदा सुरू केला. तुम्ही स्टूल मांडलेत, त्याच पाण्यात ब्रश बुडवलात आणि फेस काढू लागलात. तुम्ही तो रंगवला नाही; कागदाचा पांढरेपणा तेवढा राखून ठेवला आणि बाकी नदी त्याच्याभोवती सोडली. तासाभराने ते चित्र इतके देखणे झाले, की माझ्या हातातली वही मला गलिच्छ वाटू लागली. म्हणून मी ओरडलो.

"ही घाण आहे कारभारी! आणि तुम्ही तिला सुंदर करून ठेवलीत. उद्या कोणी हे दिवाणखान्यात लावील. माझ्या तक्रारीला हे जोडले, तर समोरचा माणूस म्हणेल, वा, काय छान!"

तुम्ही ब्रश झटकलात. "साहेब, घाण तर हायच. वास मला पण येतोय. पण ऊन पडल्यावर तो फेस सुंदर दिसत होता, हे पण खरं हाय. माझ्या कागदावर दोन्ही मावतं. तुमच्या अर्जात एकच मावतं, त्याला मी काय करू?"

तुमचे थोरले बंधू कांद्याच्या चाळीकडून आले, चित्राकडे पाहिले, नदीकडे पाहिले आणि म्हणाले, "लय भारी काढली रे. पण म्हशी पाण्यात घालायची इच्छा होती माझी. चित्रातल्या हिच्यात घालता येतील का?" आणि नदीकडे बोट दाखवून, "ह्या नदीत तर नाय घालता येत." आपण तिघे हसलो. परत येताना गाडीत मी तुम्हाला सांगितले, की तुमच्या भावाने माझी बाजू मांडली. तुम्ही म्हणालात, "नाय, माझी मांडली." अजून निकाल नाही. पण इतके कबूल करतो, की त्या दिवसाची माझी तक्रार कुठल्या दप्तरात आहे हे कोणाला सांगता येणार नाही, आणि तुमचा फेस रविवारी सभागृहाच्या भिंतीवर असेल, आणि तो बघून आपल्या नदीचे काय झाले हे कोणीतरी विचारील. एवढ्यावरून तुम्ही जिंकलात असा अर्थ काढू नये.

आता ओहोळाचे.

मागच्या मोकळ्या जमिनीवर बांधकाम ठरले. ओहोळ जमिनीखालच्या पाइपात घालून वरची जागा सपाट करायची, असा प्रस्ताव निघाला. बांधकामवाल्यांचे म्हणणे होते, हा ओहोळच नव्हे. पावसाचे पाणी आहे, दर वर्षी वाट फुटेल तिकडून जाते, याला कायमचा प्रवाह असा नाहीच. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. कॉलनीने माझ्याकडे पाहिले. मीही, खोटे कशाला बोलू, आरशात माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद लावले होते. हा माझा स्वतःचा खटला होता.

या प्रकरणात एकच कागद निर्णायक होता. जुना गाव नकाशा. त्यावर ओहोळ निळ्या रेषेने काढलेला असतो. ती रेषा दाखवली की प्रवाह कायमचा आहे हे सिद्ध होते, बाकी भाषण लागत नाही. त्या नकाशाची नक्कल मिळायला अर्ज करावा लागतो, आणि नक्कल यायला वेळ लागतो. हे शाळकरी पोरालाही कळावे. मी तो अर्ज पहिल्या दिवशी करायला हवा होता.

मी केला नाही. मी हरकत लिहीत बसलो. अकरा पानांची हरकत. तुमच्या संगतीत माझे अर्ज बिघडले होते, कारभारी. पूर्वी मी "सदरहू झाड" लिहून मोकळा होत असे. आता मला "ज्याच्या दुसऱ्या फांदीखाली डोंगर विसावतो तो उंबर" असे सुचायचे, आणि मग त्या वाक्याशेजारी पुढचे वाक्य फिके वाटायचे, म्हणून तेही पुन्हा लिहायचे. तीन आठवडे मी भाषा घोटत राहिलो. नकलेचा अर्ज चोविसाव्या दिवशी केला. सुनावणीपर्यंत नक्कल येणार नाही हे मला खिडकीवरच कळले. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती. पत्नीला नाही, पगारे सरांना नाही, तुम्हालाही नाही.

नकाशा नाही म्हटल्यावर मी माझ्या भिंतीवरचे चित्र उतरवले. तुम्हीच भेट दिलेले. उंबर, मागे डोंगर, आणि झाडाच्या डावीकडून वळण घेत पुढे आलेला ओहोळ. बारा-तेरा वर्षांपूर्वीचे, मागे तारीख घातलेली. इतक्या जुन्या चित्रात ओहोळ आहे, म्हणजे प्रवाह जुना आहे. मी स्वतःवर खूश झालो. रोज त्या चित्राखाली बसून चहा प्यायलो होतो आणि रोज त्या ओहोळावरून चाललो होतो. पण चित्रातला ओहोळ डावीकडे आणि खरा उजवीकडे, हे माझ्या एकदाही लक्षात आले नाही. तुम्ही पाहायला शिकवलेत, असे मी लोकांना सांगत फिरायचो!

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तुम्हाला येऊन सांगितले, की सकाळी अकराला यायचे आणि चित्र तुम्ही काढलेले आहे एवढे सांगायचे. तुम्ही म्हणालात, "साहेब, त्या चित्रात एक गोष्ट..." मी हात वर केला. "कारभारी, साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचे नसते." तुम्ही मान डोलावलीत. तुम्ही सांगणार होता. तोंड उघडले होते. मी ते बंद केले.

सुनावणी घेणारे अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी चित्र दोन्ही हातांनी धरून पाहिले आणि खरोखर खूश होऊन म्हणाले, "सुंदर आहे हो." मग थांबले. "मी काल जागेवर जाऊन आलो. तिथं ओहोळ झाडाच्या उजव्या बाजूनं जातो. यात डाव्या."

तुम्ही उभे राहिलात. धुतलेला शर्ट, खिशाला दोन पेन्सिली.

"हो साहेब. तो मी इकडून घेतला."

"म्हणजे पूर्वी इकडून वाहायचा?"

"नाय नाय. पहिल्यापासून उजवीकडनंच. पण तिकडं झाडाची सावली आन् पाणी एकात एक जात होतं. झाड बुडत होतं चित्रात. म्हणून इकडून आणला."

समोरच्या पक्षाचे वकील उठले. चांगला माणूस असावा, पण अशी संधी कोण सोडतो? "म्हणजे साहेब, ओहोळ वळवण्याचं काम सर्वांत आधी हरकतदारांच्याच साक्षीदारानं केलं! आणि परवानगीही घेतलेली दिसत नाही." दालन हसले. अधिकारी हसले. आणि कारभारी, तुम्हीही हसलात! मान खाली घालून, खांदे हलवत, मोकळे हसलात. माझ्या कानांतून वाफ निघत होती.

पुढील म्हणणे मांडायला आठ दिवस मिळाले. नक्कल त्यात येणार नव्हती. तेव्हा मी एक कागद तयार केला. तुमच्या नावाचे प्रतिज्ञापत्र. त्यात लिहिले, की चित्रातला मार्ग हा ओहोळाचा मूळ मार्ग असून तो मी स्वतः पाहिलेला आहे, आणि सुनावणीच्या दिवशी प्रकृती बरी नसल्याने माझे विधान चुकीचे झाले. टंकलेखन स्वच्छ होते. तुम्ही ओट्यावर बसून चष्मा लावून दोनदा वाचलेत.

"हे मी बोललो नाय, साहेब."

"बोललात असे समजा. ओहोळ वाचतो आहे ना? चित्रात हलवताना हात थरथरला नाही, आणि इथे एका सहीला घाबरता?"

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही कधीच रागावत नव्हता. त्याचा मला जास्त राग यायचा. कागदाची घडी करून तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "चित्र बघणाऱ्याला ठाऊक असतं, का कुणीतरी तिथं बसून हे काढलंय. माझा हात दिसतो त्याला. ह्या कागदावर तुम्ही माझा हात लपवताय. ओहोळ माझा पण हाय, साहेब. पण हे नाय."

मी घरी येऊन तुम्हाला पत्र लिहिले. तुमचे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, तरी पोस्टाने, पोचपावतीसह. त्यात "कुचकामी साक्षीदार" हे शब्द होते. "ज्या निसर्गावर तुम्ही पोट भरले नसेल पण नाव कमावले, त्याच्याशी तुम्ही द्रोह केलात" असेही एक वाक्य होते. तेही मी घोटले होते. लाज अशी, की ते आजही पाठ आहे.

प्रकरण आपल्या विरुद्ध गेले. आदेशात झाड राखण्याची अट होती. पाणी राखण्याची नव्हती. ओहोळ पाइपात गेला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात उंबर उभ्या उभ्या वाळला. नकाशाची नक्कल आदेशानंतर बारा दिवसांनी आली. निळी रेषा, उंबराच्या जागेच्या उजवीकडून. तुम्ही सांगितलीत तिथूनच.

आणखी एक गोष्ट मला पुढे दोन वर्षांनी, दात घासताना सुचली. ते प्रतिज्ञापत्र तुम्ही सही करून दिले असते, तर आपण स्वतःच शपथेवर सांगितले असते, की ओहोळ पूर्वी डावीकडे होता आणि आता उजवीकडे आहे. म्हणजे तो वाट बदलतो. म्हणजे त्यांचेच म्हणणे खरे. रागात मला कायदाही दिसत नव्हता. तुमच्या खऱ्या उत्तराने माझा पुरावा तेवढा निकामी झाला. माझ्या खोट्या कागदाने आपली बाजू कायमची बुडाली असती, वर खोट्या शपथेबद्दल तुम्हाला जाब द्यावा लागला असता. तुम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. तुम्ही फक्त सही केली नाही.

पाच महिने आपण बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. तुम्ही रोज सकाळी फाटकासमोरून जाताना हात वर करत होता आणि मी वर्तमानपत्र वर करत होतो. मग एका सकाळी तुम्ही फाटक उघडून आत आलात आणि माझ्यासमोर माझेच पत्र ठेवलेत. दोन्ही पाने उलटी. मागच्या बाजूवर करड्या, हिरव्या, मातकट रंगांचे पट्टे ओढलेले. रंग लावून बघायला तुम्ही माझा द्रोहाचा आरोप वापरला होता.

"कागद एक नंबर हाय, वकीलसाहेब. रंग कसा धरतोय बघा. अजून दोन-चार पत्रं येऊ द्या."

मला हसू आवरले नाही. पत्नीने चहा टाकला. आपण क्रिकेटवर, कांद्याच्या भावावर, वहिनींच्या गुडघ्यावर बोललो. ती वेळ होती, कारभारी. तेव्हा मी नकाशाचे सांगायला हवे होते. तुम्ही स्वतःहून फाटक उघडले होते, चहा समोर होता. मी साखर ढवळत राहिलो. पुढे अशा शंभर सकाळी आल्या, आणि दर वेळी मला ती सकाळ जरा जास्तच चांगली वाटली, बिघडवू नये इतकी.

कॉलनीत हळूहळू गोष्ट पसरली, की भोळ्या कारभाऱ्यामुळे ओहोळ गेला. गणपतीच्या मंडपात, कोजागरीला गच्चीवर, लोक तुम्हाला चिडवायचे: "काय कारभारी, आज कुठली नदी वळवली?" तुम्ही म्हणायचा, "आज सुट्टी हाय." मी शेजारी असायचो. मीही हसायचो.

मागची जमीन सपाट झाल्यावर तिचे चित्र तुम्ही पुन्हा काढले नाहीत. मी एकदा म्हणालो, डोंगर तर तसाच आहे, आठवणीने उंबर घाला. तुम्ही चित्राच्या पाण्याचा रिकामा डबा दाखवलात. "तिथलं पाणी कुठाय आता?" एवढेच. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

शेवटच्या महिन्यात तुम्ही खाटेवरून उठत नव्हता, पण बोटांना ब्रश हवा होता. मी स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आणले. तुम्ही पेल्यात बघून विचारलेत, "हे कुठलं?"

"नळाचे."

"नळाला कुठनं येतं?"

"गंगापूर धरणातून."

"मग धरण काढू."

उशीला टेकून तुम्ही पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाणी काढलेत. नुसते पाणी, संध्याकाळचे, कडेला एक करडा ठिपका, बहुधा बगळा. मी म्हणालो, "कारभारी, धरण आहे तर भिंत कुठे आहे?" तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "ती तुम्ही बांधा. मी हरकत घेतो." वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. ते चित्र ओले असतानाच तुम्ही झोपलात. मी ते वाळेपर्यंत हातात धरून बसलो होतो. तेव्हाही सांगता आले असते. तुम्हाला ऐकू येत होते की नाही, मला माहीत नाही. बोललो असतो तर कळले असते.

तुमच्याकडून मला काय मिळाले याची यादी मी करणार नाही. पण सकाळी फाटकाशी उभे राहिल्यावर समोरच्या कडुनिंबाच्या पानांआड विजेचा खांब किती शिरला आहे, ते मी बघतो. पहिल्यांदा चूक होते. मग मी पायरीवर बसून बघतो. माणसाने या वयात पायरीवर बसलेले बरे दिसत नाही, असे पत्नी म्हणते.

आज दुपारी चिठ्ठ्या लिहायला तुमच्या घरी गेलो होतो. सायखेड्याच्या चित्राखाली "फेस, गोदावरी" लिहिले. वाद अनिर्णित, हे लिहायचे टाळले. धरणाखाली "धरण, भिंतीविना". मग उंबराचे चित्र हातात आले. ते माझ्या भिंतीवरून मीच घेऊन गेलो होतो. मी वहिनींना खाली बसवले आणि सगळे सांगितले. अकरा पाने, चोविसावा दिवस, नक्कल, प्रतिज्ञापत्र, शोकसभेतले माझे गप्प बसणे. सांगून झाल्यावर त्यांनी चित्राची चौकट पदराने पुसली. मग म्हणाल्या, "भाऊजी, लोक ह्यांना चिडवायचे ना, तेव्हा मला वाईट वाटायचं. ह्यांना नाही वाटायचं. मला वाटायचं."

मी चिठ्ठी लिहायला घेतली. या वेळी भाषा घोटली नाही. जे लिहिले ते असे:

"ओहोळ व उंबर, इंदिरानगर. चित्रकाराने ओहोळ झाडाच्या डावीकडून नेला आहे, झाड नीट दिसावे म्हणून. प्रत्यक्षात तो उजवीकडून वाहत होता, आणि चित्रकाराने विचारल्यावर तसे स्पष्ट सांगितले. ओहोळ त्यामुळे गेला नाही. तो वाचवणारा नकाशा वेळेत मागवण्याचे काम खाली सही करणाऱ्याचे होते. त्याने ते केले नाही." त्याखाली माझे पूर्ण नाव आणि सही.

वहिनींनी चष्मा लावून वाचले. "लांब झाली हो. एवढुश्या चौकटीखाली मावायची नाही."

मी म्हटले, चौकट थोडी वर टांगू.